वाटीभर तेल

धनत्रयोदशीला तळोद्यातून अस्तंब्याच्या यात्रेला पोरांचे जथे निघाले की माझी आजी उंबऱ्यात वाटीभर तेल ठेवायची. कोठार, देवनदी, असली अशी वाट. डोंगर 1325 मीटर उंच आणि माथ्यावर अश्वत्थामा. कपाळावरचा मणी गेला, जखम राहिली; ती भरत नाही म्हणून तो सातपुड्यात फिरतो आणि भेटेल त्याच्याकडे तेल मागतो, असं इकडे म्हणतात. झोपेतल्या पोरांना मारणाऱ्याला कसलं तेल, असं मी एकदा आजीला विचारलं. ती म्हणाली, "मारलं खरं. पण दुखतंय ना त्याला?"

पुढे बत्तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून पाडे पालथे घातले. प्रशिक्षणात पुष्कळ शिकवलं, हे वाक्य कुणी शिकवलं नाही.

वाटीतलं तेल तिळाचं असे. गुडघ्यांना मात्र आजी वेगळं तेल चोळायची. लहान बाटली, वर कापडाचा बोळा, आणि वास असा की गुलाब म्हणावा तर त्यात गवतही आहे. ते रोशा गवताचं तेल. आज तळोद्यात हे नाव काढलं तर निम्मे लोक तोंडाकडे बघतील. इंग्रजी अमदानीत मात्र गावाची ओळखच ती होती. खानदेशातली इमारती लाकडाची मोठी पेठ तळोदा, उत्तम बैलगाड्या तळोद्याच्या, किंमत चाळीस रुपयांच्या आसपास, आणि त्यांच्या जोडीला रोशाच्या तेलाचा व्यापार, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे.

तेल काढायची रीत मला फार आवडते. पावसाळा सरत आला, गवत वाळायला लागलं की भिल्ल ते कापून आणत आणि तेल काढणारे, बहुतेक मुसलमान, ते विकत घेत. भट्टी गावात नसे, ओढ्याच्या काठी असे. सरपण तिथे, पाणीही तिथेच. चुलाणावर मोठी कढई, तिच्यात पाणी आणि दाबून भरलेलं गवत. वर झाकण, आणि वाफ निसटू नये म्हणून फटींना उडदाच्या पिठाचा लेप. झाकणातून बांबूची नळी निघे ती वाहत्या पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाई. तिथे वाफ थंडावे आणि पाण्यावर तेलाचा तवंग येई. तेवढं निपटून घ्यायचं. पुढे चामडी बुधल्यांत भरून, बैलांवर लादून, कोंडाईबारीच्या घाटाने सुरत, नाहीतर मुंबई. तिथून गलबतांनी तांबड्या समुद्राकडे आणि तुर्कस्तानात. तिकडे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरत! आमच्या संधिवाताचं औषध परदेशात गुलाब म्हणून खपत होतं, याची मला अजून गंमत वाटते. गवत कापणाऱ्याच्या हातात त्यातलं काय पडलं असेल, हे मनात आलं की गंमत ओसरते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडून चूक झाली. तापाने फणफणलेल्या मुलाशेजारी पुंजारा, म्हणजे पाड्यावरचा भगत, कौल बघायला दाणे टाकून बसला होता. मी त्याला उठवलं, चार शब्द सुनावले. मूल बरं झालं, पण त्या घराने मला पुन्हा दारात उभं केलं नाही. पुढची बाळंतपणं त्यांनी माझ्यापासून लपवून केली. तेव्हापासून मी दाणे मोजून होईपर्यंत बाहेर खाटेवर बसू लागले. पाच-दहा मिनिटांचं काम. मग पुंजाराच म्हणायचा, "आता बाईची सुई घ्या." मी कितीही घसा कोरडा केला असता तरी माझ्या शब्दाला ते वजन आलं नसतं.

1990 च्या दशकात नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तळोद्याचं सुमारे 4,200 हेक्टर राखीव जंगल मोकळं करण्यात आलं. सोमावल, रोझवा, रेवानगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. रेवानगर नाव कुणाला सुचलं कोण जाणे. रेवा म्हणजे नर्मदा, ती तर डोंगराच्या पलीकडे राहिली. तिच्या काठची माणसं सपाटीवर, पत्र्याच्या घरांत आली. आजार नेहमीचेच, ताप, खोकला, अंगदुखी. सांगायची तऱ्हा मात्र निराळी. "कुठे दुखतं?" विचारलं की एक म्हातारी हाताने उत्तरेकडे दाखवायची. मला वाटे, तिला प्रश्न कळत नाही.

तिचे सांधे धरलेले. गोळ्या पदराच्या गाठीत साठवायची, खायची नाही. हातपंपाच्या पाण्याबरोबर औषध लागत नाही, म्हणायची. "नदीला हात जोडून घोट घेता येतो, बाई. पंपाला काय म्हणून हात जोडू?" मी वाद घातला नाही. आजीची बाटली केव्हाच रिकामी झाली होती, पण नंदुरबारला एका जुन्या अत्ताराकडे रोशाचं तेल मिळालं. पुढच्या फेरीला घेऊन गेले. बूच काढताच तिने मनगट धरलं. गावामागच्या उतारावर हे गवत कमरेइतकं वाढायचं, म्हणाली. आता त्या उतारावर पाणी आहे. गुडघ्यांना सकाळ-संध्याकाळ चोळायचं, असं सांगून निघाले. तिनेही मान हलवली.

महिन्याने गेले तर गोळ्यांची गाठ सुटलेली, पाकीट संपलेलं. बाटली कोनाड्यात होती. उचलून उजेडात धरली. तेल होतं तेवढंच होतं. सुनेला विचारलं तर ती हसली, "चोळत नाहीत त्या. गोळी घेताना बूच काढतात, हुंगतात, परत लावून ठेवतात."