कृत्रिम बुद्धिमत्ता आणि विद्यापीठीय मूल्यमापन (मुंबई उपनगरे)

विद्यार्थ्यांच्या लेखनात यंत्ररचित मजकूर आल्याने उभा राहिलेला परीक्षणाचा प्रश्न. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाले आणि तो ऐरणीवर आला. उपनगरांतील बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी (स्थापना १८५७, मुख्य शैक्षणिक संकुल कालिना) संलग्न आहेत, पवईची आयआयटी आणि २०१९ पासूनचे सोमैया विद्याविहार विद्यापीठ मात्र आपापले नियम करतात.

हाताशी असलेला राष्ट्रीय नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी), २०१८ चा. प्रबंधात इतर लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. ६० टक्क्यांपुढे नोंदणी रद्द होते. पण तो उचलेगिरीचा, म्हणजे कुणाचे तरी आधीचे लेखन घेण्याचा नियम. यंत्राने नव्याने जुळवलेल्या वाक्यांना मूळ लेखक शोधायचा कुठे? शिवाय असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्या नियमाच्या व्याख्येतूनच वगळलेल्या आहेत, आणि यंत्राची मदत घेणे सर्वांत सोपे तिथेच.

यंत्ररचित मजकूर ओळखणाऱ्या शोधक सॉफ्टवेअरवर विसंबणे धोक्याचे: चॅटजीपीटीच्या निर्मात्या ओपनएआयने स्वतःचे असे साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. हरियाणातील एका विधी विद्यार्थ्याने यंत्ररचित मजकूर दिल्याचा आपल्यावरील ठपका २०२४ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात नेला.

त्यामुळे जुनाच उपाय अधिक भरवशाचा ठरतो: तोंडी परीक्षा. प्रयोगांची नोंदवही (जर्नल) कुणीही लिहिलेली असो, प्रयोग समजावून सांगावा लागतो. अडचण वेळेची, मोठ्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात.