आसाकावा कानइची आणि जपानचे चीनविषयक धोरण

जपान हे बौद्ध संस्कृतीचे राष्ट्र म्हणून आमच्या वाचकांस जिव्हाळ्याचे वाटते. त्या जपानने चीनशी केलेल्या वर्तनाचा जाब एका जपानी इतिहासकारानेच अमेरिकेत राहून मागितला होता, हे मात्र आपल्याकडे फारसे ठाऊक नाही.

आसाकावा कानइची यांचा जन्म १८७३ साली निहोनमात्सु येथील सामुराई घराण्यात झाला. १८९६ मध्ये ते अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात गेले व १९०२ साली त्यांनी येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे दीर्घकाळ त्यांनी तेथेच अध्यापन केले. मध्ययुगीन जपानमधील बौद्ध मठांच्या जमीनदारीवरही त्यांचे संशोधन आहे. आमच्या अभ्यासकांनी ते अवश्य पाहावे.

१९०४ साली रशियाशी युद्ध पेटले तेव्हा आसाकावांनी इंग्रजीत ग्रंथ लिहून जपानची बाजू मांडली. चीनची प्रादेशिक अखंडता आणि सर्व राष्ट्रांस व्यापाराची समान संधी या दोन तत्त्वांच्या बाजूने जपान उभा आहे, अशी ग्वाही त्यांनी पाश्चात्त्यांस दिली. १९०५ च्या पोर्ट्समथ तहाने पोर्ट आर्थर व दाइरेनचा भाडेपट्टा आणि चांगचुनच्या दक्षिणेचा रेल्वेमार्ग जपानकडे आला. रशियास ज्याबद्दल दोष दिला, तेच आता विजेता करू लागला!

१९०९ साली ‘निहोन नो काकी’ हे त्यांचे पुस्तक निघाले. जपानवरील अरिष्टाची घडी, असा त्या नावाचा अर्थ सांगता येईल. जपानने जगास दिलेला शब्द मोडला आहे. हाच मार्ग धरला तर चीन शत्रू होईल आणि अखेर अमेरिकेशी संघर्ष अटळ ठरेल, असे त्यांनी त्यात बजावले. पुस्तक जपानी भाषेत लिहिले, ही बाब आम्हांस विशेष मोलाची वाटते. परक्यांपुढे स्वदेशाची निंदा करून वाहवा मिळविण्याचा हेतू असता तर ते इंग्रजीत लिहिते. विजयाच्या धुंदीतील स्वजनांस त्यांच्याच भाषेत कटू बोलणे अवघड होते. शिवाय ग्वाही त्यांनी स्वतः दिली होती; तेव्हा हिशेब मागणे त्यांना भागच होते.

१९१५ साली चीनवर एकवीस मागण्या लादल्या गेल्या. त्यावेळचे पंतप्रधान ओकुमा हे आसाकावांच्या तोक्यो येथील विद्यालयाचे संस्थापक. त्यांनाही आसाकावांनी पत्रांतून आपला विरोध कळविला. पुढे १९३१ साली मांचुरिया गिळंकृत करण्यास आरंभ झाला आणि १९३७ साली सर्वंकष युद्ध भडकले.

नोव्हेंबर १९४१ मध्ये आसाकावांनी हार्वर्डचे लँग्डन वॉर्नर यांच्या साहाय्याने शेवटचा यत्न केला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जपानच्या सम्राटास पाठवावे अशा पत्राचा मसुदा त्यांनी लिहिला. रूझवेल्ट यांनी ६ डिसेंबरला प्रत्यक्षात पाठविलेला संदेश निराळा होता. तो सम्राटापर्यंत पोहोचला तेव्हा विमाने पर्ल हार्बरकडे निघालेली होती.

आसाकावांनी जपानी नागरिकत्व अखेरपर्यंत सोडले नाही. १९४८ च्या ऑगस्टमध्ये व्हर्माँट येथे त्यांचे निधन झाले. ‘निहोन नो काकी’ १९८७ साली जपानमध्ये पुन्हा छापले गेले.