खाटेपासून घरापर्यंत: दीर्घ आजाराच्या उपचाराचा आणि खर्चाचा इतिहास

पाठाची ओळख

मी बंगळुरूच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांशी पगार, विमा आणि बचत यांवर बोलताना दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, कंपनी आरोग्य विमा देतेच. मग आजारपणासाठी वेगळे पैसे कशाला ठेवायचे?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर द्यायला साठ-सत्तर वर्षे मागे जावे लागते.

मला अकरा वर्षांपासून आमवात आहे. या काळात मी रुग्णालयात एकदाही दाखल झालेले नाही. तरीही गोळ्या, रक्ततपासण्या, डॉक्टरांची फी आणि बिनपगारी रजा यांवर दरमहा पैसे जातात. यातला बहुतेक खर्च माझ्या विम्यात बसत नाही, कारण मी "दाखल" नसते. म्हणजे उपचार घरी होतो आणि खर्चही घरचाच असतो. ही व्यवस्था कशी तयार झाली, हे या पाठात पाहू. तिच्यातला एक महत्त्वाचा टप्पा बंगळुरूतच घडला आहे. उदाहरण क्षयरोगाचे घेऊ. तो आज बरा होणारा आजार आहे, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो दीर्घ आजाराचा नमुनाच होता.

1. सहा हजार खाटा

औषधे येण्यापूर्वी क्षयाचा उपचार म्हणजे विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा. मराठीत "हवापालट" हा शब्द त्याच काळात घरोघरी रुळला. पाचगणी आणि मिरज ही नावे मराठी माणसाच्या कानात बसली, ती थोडीफार तिथल्या आरोग्यधामांमुळेही. पण हवापालटाला पैसा आणि वेळ दोन्ही लागत. गिरणीतल्या कामगाराने सहा महिने हवा बदलायला जायचे म्हटले, तर मागे चूल कोणी पेटवायची?

1946 साली भोर समितीचा अहवाल आला. देशात क्षयाचे सुमारे 25 लाख रुग्ण आहेत, दरवर्षी सुमारे 5 लाख माणसे त्याने मरतात आणि त्यांच्यासाठी खाटा आहेत जेमतेम 6,000, असा त्यातला अंदाज होता. भागाकार करून पाहा. एका खाटेमागे चारशेहून अधिक रुग्ण येतात. म्हणजे उपचार खाटेवरच होतो असे मानले, तर बहुतेकांना उपचार नव्हताच.

2. मद्रासचा प्रयोग

1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसीन आणि पी.ए.एस. ही औषधे आली, 1952 मध्ये आयसोनियाझिड आले. आता प्रश्न असा होता: औषध मिळत असेल, तर आरोग्यधामाची गरज उरते का?

हे तपासण्यासाठी 1956 मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो एकत्रित उपक्रम होता. शहरातल्या गरीब वस्तीतील 193 रुग्णांची चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागणी केली. दोघांना एकच औषधे दिली, एक गट आरोग्यधामात ठेवला आणि दुसरा आपापल्या घरी. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीस आरोग्यधामातील 92 टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला होता, घरच्या गटात 86 टक्के. घरच्यांचे अन्न निकृष्ट होते, त्यांना विश्रांती कमी होती, घरात दाटी होती. तरीही ते जवळपास तितकेच सुधारले. घरातल्या इतरांना त्यामुळे जास्त लागण झाली, असेही दिसले नाही.

जगभरची आरोग्यधामे पुढे ओस पडली, त्यामागे या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने इथे थांबून प्रयोगाच्या अटी वाचायला हव्यात. घरच्या गटाला औषध मोफत होते. ते नियमित वाटले जात होते. केंद्राचे कर्मचारी अचानक घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध घेतले की नाही ते पाहत. प्रयोगाने एवढेच सिद्ध केले की मोफत औषध आणि नियमित विचारपूस असेल, तर घरचा उपचार पुरतो. वाक्याचा पुढचा अर्धा भाग सगळ्यांनी उचलला, मागचा अर्धा हळूहळू गळून पडला.

3. बंगळुरूची रचना

हा निष्कर्ष देशभर कसा वापरायचा, हे ठरवण्याचे काम बंगळुरूकडे आले. बल्लारी रस्त्यावर 1959 मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, सप्टेंबर 1960 मध्ये पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्राचे अभ्यासक तिथे एकत्र बसून काम करत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झालेले हाफ्डान माहलर हेही त्या काळात या कामाशी जोडलेले होते.

या संस्थेतले एक संशोधन मला सर्वांत मोलाचे वाटते. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात क्षयाच्या रुग्णांना गाठून विचारले: तुम्हाला काय होते आहे, याची जाणीव आहे का? आणि त्यासाठी तुम्ही काय केले? 1963 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवरचा समज असा की खेड्यातला माणूस अडाणी आहे, त्याला आजाराची जाण नाही. प्रत्यक्षात बहुतेकांना लक्षणे जाणवत होती आणि निम्म्याहून अधिक रुग्ण स्वतःहून दवाखान्यात जाऊन आले होते. तिथून त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले गेले होते. माणूस स्वतःची काळजी घ्यायला तयारच होता. व्यवस्थेने त्याला ओळखले नव्हते.

या कामातून 1962 चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला. वेगळी आरोग्यधामे न बांधता जिल्हा केंद्र आणि जवळचा सरकारी दवाखाना यांतूनच निदान करायचे आणि औषध द्यायचे, असे ठरले. औषध मोफत राहिले. पण रुग्णाने दर महिन्याला येऊन ते न्यायचे, आणि हे वर्ष-दीड वर्ष चालायचे. मद्रासला गोळ्या मोजायला घरी माणूस येत होता. इथे ते काम रुग्णाच्या अंगावर आले. खोकला थांबला की मजुरी बुडवून दहा मैल चालत जाणे परवडत नसे, आणि बरेच रुग्ण मध्येच थांबत. कागदोपत्री त्यांना "उपचार सोडणारे" म्हटले गेले. दोष माणसाच्या नावावर लागला, बुडालेल्या मजुरीची नोंद कुठेच झाली नाही.

4. बुडालेल्या मजुरीचे काय?

ही नोंद एका माणसाने आधीच केली होती. प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्यावर 1944 मध्ये अहवाल दिला. आजारी कामगाराला औषधाबरोबर रोख रक्कमही हवी, हा त्या विचाराचा गाभा. त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि फेब्रुवारी 1952 मध्ये कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. तिच्यात आजाराच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. क्षयासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत ती 80 टक्के होते आणि दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. बाहेरून घेतलेला रोजचा उपचारही तिच्यात आहे.

दीर्घ आजारी माणसाच्या दोन्ही गरजा ओळखणारी ही आपल्याकडची जुनी आणि समंजस व्यवस्था. पण तिला वेतनमर्यादा आहे. सुरुवातीला ती महिना 400 रुपये होती, 2017 पासून 21,000 रुपये झाली. शेतमजूर, हातगाडीवाला, घरकाम करणारी बाई तिच्यात बहुधा येत नाहीत, आणि मर्यादेपेक्षा थोडे जास्त कमावणारी शिक्षिकाही येत नाही.

5. विमा शस्त्रक्रियेचा, आजार रोजचा

जे बाहेर राहिले त्यांच्यासाठी पुढे दोन वाटा निघाल्या. 1986 मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणले. त्याचा पाया होता रुग्णालयात दाखल होणे. शिवाय आधीपासून असलेला आजार त्यात धरला जात नसे. दुसरी वाट 2003 मध्ये कर्नाटकात निघाली. बंगळुरूचे हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांच्या पुढाकाराने आणि राज्याच्या सहकार खात्याच्या साथीने शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना सुरू झाली. महिना 5 रुपये, वर्षाला 60 रुपये भरून सहकारी संस्थेचा सभासद शस्त्रक्रिया करून घेऊ शकत होता. पुढे ती काही वर्षे बंद पडली आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली.

या योजनांनी अनेक कुटुंबांची जमीन विकण्यापासून वाचवली, हे विसरू नये. पण त्यांची रचना पाहा. संकट एकदाच येते, मोठे असते आणि रुग्णालयात संपते, असे गृहीत धरले आहे. मधुमेह, दमा, आमवात, मूत्रपिंडाचे विकार असे वागत नाहीत. ते रोज थोडे थोडे घेतात. पूर आला की पंचनामा होतो, गळक्या नळाचा कोणी करत नाही.

6. अन्नाचा प्रश्न परत येतो

मद्रासच्या प्रयोगाचा एक अर्थ असा लावला गेला की औषध असेल तर अन्नाला महत्त्व नाही. तो अर्थ आता दुरुस्त झाला आहे. झारखंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. त्याचे नेतृत्व मंगळूरच्या डॉ. अनुराग भार्गव यांनी केले होते. क्षयरुग्णाच्या घरच्यांना दरमहा धान्य आणि डाळ दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. ज्या रुग्णांचे वजन सुरुवातीच्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. सरकारने 2018 मध्ये रुग्णाला पोषणासाठी दरमहा 500 रुपये द्यायला सुरुवात केली होती, नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. साठ वर्षांनी का होईना, रुग्णाच्या घरचा हिशेब उपचाराचा भाग मानला गेला.

7. घरच्या हिशेबाकडे

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. मद्रासच्या अटी आपल्या घरात आपणच उभ्या करायच्या, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

पहिली अट, औषध कधी तुटू नये. माझ्याकडे एक वही आहे. डाव्या पानावर औषध, तपासणी, रिक्षा, बुडालेला पगार, आणि उजव्या पानावर त्या महिन्यात दुखणे कसे होते ते. वर्षभराने बेरीज केली तेव्हा कळले की गोळ्यांपेक्षा तपासण्या आणि रजा महाग पडतात. बेरीज हाती नसताना मी गोळ्यांमध्ये काटकसर करत होते. दोन महिने गोळ्या निम्म्या केल्या आणि त्याच्या कितीतरी पट पैसे नंतर सूज उतरवण्यात घालवले. डॉक्टरांना विचारून जनऔषधी दुकानातली औषधे घेणे ही खरी काटकसर. ही दुकाने 2008 पासून आहेत. 1970 च्या पेटंट कायद्याने भारतात स्वस्त औषधे बनवण्याची वाट मोकळी केली, तिचाच तो लाभ.

दुसरी अट, औषधाचा पैसा वेगळा. अडीअडचणीच्या बचतीतून दरमहा औषध घेतले, तर अडचण येते तेव्हा बचत नसते.

तिसरी अट, विम्याच्या अर्जात आजार लपवू नये. 2024 च्या नियमांनुसार जुन्या आजारासाठी थांबण्याचा काळ तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लपवलेला आजार मात्र नेमक्या गरजेच्या वेळी दावा बुडवतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही विम्यात शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरणे बंधनकारक केले आहे. दीर्घ दुखण्यात मनही थकते, म्हणून हे माहीत असावे.

चौथी अट, विचारपूस. मद्रासला कर्मचारी येत, आपल्याकडे बहीण, शेजारीण, सहकारी असतात. आठवड्याची गोळी घेतली का, एवढे विचारणारे एक माणूस असावे. माझ्याकडे ते काम माझी मुलगी करते. रविवारी सकाळी ती डबी उघडून पाहते, काही बोलत नाही.

सारांश

दीर्घ आजाराचा उपचार खाटेवरून घरी आला, हे विज्ञानाचे यश होते. पण त्या यशाला मोफत औषध आणि सतत पाठपुरावा यांची जोड होती. पुढच्या व्यवस्थांनी घर तेवढे ठेवले, जोड सोडली. स्वतःची काळजी आणि स्वतःचा हिशेब आज आवश्यक आहेत. मात्र जे काम सगळ्यांनी मिळून करायचे होते ते रुग्णावर का आले, हे विचारत राहणेही तितकेच आवश्यक आहे. माझी वही मला दुखण्यातून तारते. ती ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी वही पुरेशी नाही.

विचारासाठी प्रश्न

1. मद्रासच्या प्रयोगातील कोणत्या अटी 1962 च्या कार्यक्रमात टिकल्या, कोणत्या गळल्या?
2. "उपचार सोडणारा रुग्ण" या शब्दप्रयोगात कोणता खर्च दडलेला आहे?
3. तुमच्या घरातील एका दीर्घ आजाराचा महिन्याचा खर्च त्यांच्या संमतीने मांडा. त्यातला किती भाग विम्यात बसतो?