मिठाचा हिशेब

आकड्यांशी माझे कधी जमले नाही. बी.ए.ला अर्थशास्त्र टाळून मी मराठी घेतले आणि पुढे कवितेच्या आडोशाला बसलो. तरी एक हिशेब अनेक वर्षे माझी पाठ सोडत नाही. तो आहे मिठाचा.

माझ्या आईचे वडील, आमचे नाना, पेणकडच्या मिठागरावर मजुरी करत. आई सांगायची, ‘दारासमोर मिठाच्या राशी, पण चुलीपुढचे मीठ विकतचे.’ इंग्रजी अमलात कर भरल्याशिवाय मीठ आगराबाहेर हलत नसे.

१८८८ साली हा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. सरकारचे कारण असे, की रुपयाची किंमत घसरते आहे आणि विलायतेत पौंडांत भरायच्या रकमेला जास्त रुपये लागतात. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या, रुपया वधारला आणि शतक संपेपर्यंत एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावला. कर मात्र होता तिथेच राहिला. साहजिकच तिजोरीत शिल्लक पडू लागली. १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ, त्यात प्लेग. माणसे मरत होती आणि अंदाजपत्रक शिलकीचे होते! ही शिलकीची रक्कम देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखवली जाई.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात गोपाळ कृष्ण गोखले या शिलकीवर बोलायला उभे राहिले. आदल्या वर्षाची शिल्लक सुमारे सात कोटी रुपये होती. गोखल्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ही भरभराट नव्हे, वधारलेल्या रुपयाच्या भावाने जुनेच कर वसूल केल्याचा हा परिणाम आहे. मग लोकांची खरी स्थिती कशावरून ओळखायची? त्यांनी मिठाकडे बोट दाखवले. निरोगी माणसाला वर्षाला २० पौंड मीठ लागते असे वैद्यकीय मत होते; इथे माणशी १० पौंडही खपत नव्हते. पाच माणसांचे घर धरा. एवढ्याशा मिठावरही वर्षाला दीड रुपया कर होतो, आणि तेव्हा मजुरी आण्यांत मोजत.

२० पौंडांचे माप ऐकून आजचा डॉक्टर दचकेल. त्यावर वाद घालायला जागा आहे. चोरून खरवडलेले मीठ सरकारी आकड्यांत येत नाही, हेही खरे. पण जी वस्तू गरिबातला गरीब सोडू शकत नाही, तिच्यातही तो काटकसर करतो आहे, याचे उत्तर सात कोटींच्या शिलकीत नव्हते.

कौन्सिलातल्या सभासदांना अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकारच नव्हता, फक्त बोलायचे. तरी १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एक रुपयावर. आणि मिठाचा खप वाढला. लोकांना मीठ नको होते असे नव्हे, परवडत नव्हते, हे सरकारच्याच वह्यांनी सांगितले. सगळे श्रेय एका भाषणाला देणे मला भाबडेपणाचे वाटते. तिजोरी भरलेली असताना कर उतरवणे सोपे असते. पण कोणता कर आधी उतरवायचा, हे कुणीतरी मांडावे लागते.

त्या मांडणीमागे आणखी एक माणूस होता, गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शाळेतले हेडमास्तर. सरकारचे जाडजूड अहवाल वाचायचे, त्यातले आकडे जुळवायचे आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहायचे. नोकरी सरकारी, म्हणून लेखाखाली नाव नाही. गोखले त्यांना पत्रे लिहून आकडे तपासून घेत. १९०२ च्या भाषणाआधीही त्यांनी जोशांची मदत घेतली होती.

जोशी १९११ साली वारले. त्यांचे लेख ग्रंथरूपाने, त्यांच्या नावानिशी, १९१२ मध्ये निघाले.