शकांचे काय झाले?

लग्नपत्रिकेत आणि पंचांगात ‘शालिवाहन शके’ असे आपण सहज लिहून जातो. त्यातील शक म्हणजे एके काळी काळ्या समुद्रापासून अल्ताई पर्वतापर्यंत पसरलेल्या गवताळ मैदानात घोडे पिटाळणारे लोक होत, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनीही नसते. ग्रीक त्यांना सिथियन म्हणत, इराणी शक म्हणत. त्यांचे एक राज्य वा एक राजा कधीच नव्हता. टोळ्या अनेक, बोली मिळत्याजुळत्या, आणि सर्वांचे सर्वस्व एकच : घोडा. तुवा प्रांतात अर्झान येथे इ. स. पूर्व नवव्या-आठव्या शतकातील एका सरदाराची समाधी सापडली. तिच्यात त्याच्यासोबत दीडशेहून अधिक घोडे पुरलेले होते!

लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू एकत्र जोडून केलेले आखूड धनुष्य हे त्यांचे मुख्य हत्यार. आखूड असल्यामुळे ते घोड्यावरून दोन्ही बाजूंना वळवता येई. रिकीब अजून कोणाला ठाऊक नव्हती. केवळ मांड्यांच्या पकडीवर बसून हे लोक भरधाव वेगात नेम धरीत. हे काम पुरुषांनीच करावे असेही नव्हते. शस्त्रांसह पुरलेल्या स्त्रियांच्या कबरी उत्खननात पुष्कळ निघाल्या आहेत.

परंतु त्यांचे खरे बळ धनुष्यात नव्हते. गमावण्याजोगे काही जवळ न ठेवण्यात होते. इ. स. पूर्व ५१३ च्या सुमारास इराणचा सम्राट दारयवहू बॉस्पोरसवर आणि डॅन्यूबवर पूल बांधून त्यांच्यावर चालून गेला. ही हकीकत हिरोडोटसने सांगितली आहे. शक लढेनात. ते मागे सरत राहिले. जाता जाता विहिरी बुजवीत, गवत नष्ट करीत. चिडलेल्या सम्राटाने निरोप धाडला की, उभा राहून लढ, नाही तर शरण ये. त्यावर त्यांचा राजा इदान्थिर्सस याने कळविले की, आमच्यापाशी राखावयास नगरे नाहीत, शेते नाहीत, मग लढाईची घाई कशाला? पूर्वजांच्या थडग्यांना मात्र हात लावून पाहा, म्हणजे आम्ही लढतो की नाही ते कळेल. सम्राट हात हलवीत परतला.

त्या थडग्यांचे मोल काय होते ते अल्ताईतील पाझिरिक येथे दिसते. तेथील समाध्यांत शिरलेले पाणी गोठून बर्फ झाले, म्हणून लोकर, कातडी, लाकूड, एवढेच नव्हे तर गोंदलेली मानवी त्वचाही टिकली. रुदेन्को या रशियन संशोधकाला १९४९ साली तेथे मिळालेला गालिचा जगातील सर्वांत जुन्या गालिच्यांपैकी एक आहे. चोरांनी सोने नेले होते, गालिचा राहिला.

दारयवहूला जे जमले नाही ते दुसऱ्या भटक्यांनी केले. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात चीनच्या उत्तरेकडील श्युंगनूंनी युएची टोळ्यांना पश्चिमेकडे रेटले आणि युएचींनी इली नदीकाठच्या शकांना उठविले. माघार घेणाऱ्यांना माघार घेण्यास जागा उरली नाही! काही शक इराणच्या पूर्वेस स्थिरावले; त्या प्रदेशाला शकस्थान, म्हणजे आजचे सीस्तान, हे नाव मिळाले. काही सिंधूच्या खोऱ्यात उतरले, आणि तेथून पुढे गुजरात व नाशिकपर्यंत आले.

नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांत तीन लाख गाईंचे दान आहे. आणि लेण्यातील भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापणे कोष्ट्यांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवल्याची नोंदही आहे. स्वतःला शक म्हणविणारा हा पुरुष व्याजाचा दर दगडावर कोरून ठेवतो! ज्यांच्यापाशी राखण्यासारखे काही नव्हते त्यांच्याजवळ आता गावे होती, ठेवी होत्या, टांकसाळ होती. म्हणूनच आता त्यांना गाठता येत होते. गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांना गाठले. त्याच्या आईच्या लेखात ‘क्षहरात वंश निःशेष करणारा’ अशी त्याची थोरवी गायिली आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे.

तथापि शक निःशेष झाले नाहीत. चष्टनाचे घराणे पश्चिमेत सुमारे तीनशे वर्षे टिकले. त्याच घराण्यातील रुद्रदाम्याने इ. स. १५० च्या सुमारास गिरनारच्या शिलेवर शुद्ध संस्कृत गद्यात लेख कोरविला. गुप्तांनी ती सत्ता मोडली तोवर शकांची नावे, देव, भाषा सारे इथलेच झाले होते. तिकडे खोतानमध्ये शक बोलीत बौद्ध ग्रंथ लिहिले जात होते. कॉकेशसमधील ओसेती भाषा त्याच कुळातील असून आजही बोलली जाते.

आपल्याकडे उरली ती कालगणना. इ. स. ७८ पासूनचा हा संवत् क्षत्रपांनी पिढ्यानपिढ्या नाण्यांवर वापरला, म्हणून त्याला शकांचे नाव चिकटले. शालिवाहनाचे नाव त्याला पुष्कळ मागाहून जोडले गेले. जेत्याचे आणि जिताचे नाव असे एका श्वासात उच्चारले जाते. पूर्वजांच्या थडग्यांपलीकडे काहीच न राखणाऱ्या लोकांचे थडगे आपल्या प्रांतात शोधून सापडावयाचे नाही; तिथीपुढे मात्र त्यांचे नाव आपण रोज लिहितो.