अपरिचित प्रकाश : ह्यूगोच्या बिशपची प्रतिमा

वाङ्मयात सज्जन मनुष्य अवतरला की त्याच्याभोवती प्रकाश यावयाचाच, असा जणू दंडक आहे. संतांच्या चित्रांतील प्रभावलय, देवापुढची समई, ज्ञानेश्वरांनी पसायदानात विश्वासाठी मागितलेला सूर्य ही परंपरा आपल्या अंगी इतकी मुरली आहे की, ‘तेजस्वी मुद्रा’ एवढे दोन शब्द वाचताच पात्राची पारख झाली असे आपण समजतो. मला हे समीकरण नेहमीच अपुरे वाटत आले. ते का, हे सांगण्यासाठी मी व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ (१८६२) या कादंबरीतील बिशप मिरिएल निवडला आहे.

दीन्य गावचा हा धर्माधिकारी १५,००० फ्रँक वार्षिक वेतनातून अवघे १,००० स्वतःसाठी ठेवतो. १८१५ च्या ऑक्टोबरात त्याच्या दाराशी जाँ व्हालजाँ येतो. १९ वर्षांची सक्तमजुरी भोगून सुटलेला. रात्री तो चांदीचे काटेचमचे चोरावयास उठतो, तेव्हा ढग सरतो आणि निद्रिस्त बिशपच्या मुखावर चांदणे पडते. येथे ह्यूगोने रंग मुक्तहस्ते वापरले आहेत. माझ्या मते अंमळ जास्तच. पण ते प्रभावलय पाहून चोर करतो काय? क्षणभर स्तिमित होतो, आणि चांदी घेऊन पळतो!

त्याच संध्याकाळी, दिव्याचा उजेड फार मंद आहे, असे बिशप सहज म्हणाला होता. त्याचे इंगित ओळखून वृद्ध सेविकेने चांदीची दोन शमादाने आणून त्यांतील मेणबत्त्या पाहुण्यापुढे लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी शिपाई चोराला धरून आणतात, तेव्हा हीही तुम्हांला दिली होती, असे म्हणून बिशप ती शमादाने त्याच्या हाती ठेवतो. व्हालजाँच्या आयुष्याला कलाटणी मिळते ती या देण्यानंतर.

परंतु बिशपचे चांगुलपण जेथे खऱ्या अर्थाने पणास लागते, तो प्रसंग याच्या आधीचा आहे, आणि वाचक बहुधा तो घाईने उलटतात. गावापासून दूर एका दरीत राज्यक्रांतीच्या ‘कन्व्हेन्शन’ सभेचा ८६ वर्षांचा माजी सदस्य मरणोन्मुख आहे. गाव त्याला वाळीत टाकून बसले आहे. बिशपच्या मनातही अढी आहेच. तो जातो, पण हात पुढे करीत नाही. वाद होतो. राजपुत्राच्या हालांबद्दल अश्रू ढाळावयाचे तर गरिबांच्या मुलांसाठीही ढाळा, असे तो म्हातारा बजावतो. शेवटी धर्मगुरूच गुडघे टेकून त्याचा आशीर्वाद मागतो. या प्रकरणाच्या शीर्षकात ह्यूगोने बिशपला एका अपरिचित प्रकाशासमोर उभे केले आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंतांनी बुद्धिवादासाठी ‘ल्युमिएर’ म्हणजे प्रकाश हाच शब्द वापरला होता. चर्चचा प्रकाश आणि क्रांतीचा प्रकाश ही दोन वैरी घराणी. तारुण्यात राजनिष्ठ, पुढे प्रजासत्ताकवादी आणि १८५१ च्या सत्तापालटानंतर हद्दपार झालेल्या लेखकाने त्यांची भेट घडविली, आणि नमते घ्यावयास लावले ते बिशपला. रोमच्या चर्चने १८६४ मध्ये ही कादंबरी निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातली, याचे मला नवल वाटत नाही.

हीच प्रतिमा जाव्हेर या पोलीस अधिकाऱ्याच्या वाट्याला आली की उलटी फिरते. जाव्हेर दुष्ट नाही; तो प्रामाणिक, निर्लोभी, कर्तव्यकठोर आहे. १८३२ च्या जूनमध्ये त्याला व्हालजाँ जीवदान देतो, तेव्हा त्याच्या मनात कायद्याहून निराळा असा एक नैतिक सूर्य उगवू लागतो. ह्यूगोने येथेही ‘अपरिचित’ हेच विशेषण योजले आहे. बिशप ज्यापुढे वाकला, त्यापुढे जाव्हेर भयाने दिपून जातो आणि सीन नदीत उडी घेतो. आपल्याजवळ किती उजेड आहे, यापेक्षा दुसऱ्याचा उजेड सोसतो की नाही, यावरून ह्यूगो माणूस जोखतो, असे मी यावरून म्हणतो.

१८३३ मध्ये व्हालजाँ मरतो. बाहेर काळोख आहे, आकाशात एकही तारा नाही. धर्मगुरूला बोलवू का, असे द्वाररक्षिका विचारते. माझ्यापाशी आहे, असे सांगून तो वर बोट दाखवतो. त्याच्या मुखावर त्या वेळी उजेड असतो तो बिशपच्या दोन शमादानांतील मेणबत्त्यांचा. ती शमादाने त्याने कोझेतला देऊन ठेवली आहेत.