शॉक नसलेला शॉक

तर झालं असं. गेल्या दिवाळीत कोल्हापूरला घरी गेलो, तर आई लंगडत होती. रंकाळ्यावरची रोजची फेरी बंद. उजव्या पायाची तिसरी आणि चौथी बोटं, त्यांच्या मध्ये तळव्याला "चपलेत खडा अडकल्यागत" टोचायचं आणि तिथून बोटांपर्यंत चटका जायचा. डॉक्टरांनी निदान केलं, मॉर्टन्स न्यूरोमा. ऑपरेशन नको असेल तर शॉकवेव्ह घेऊन बघता येईल, असंही म्हणाले. आईने त्यातला एकच शब्द ऐकला.

"म्हंजे पायाला करंट लावणार व्हय रे?"

"नाही गं," म्हणून मी मोकळा झालो. पण खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं. मग काय, फराळाचं ताट शेजारी घेऊन लॅपटॉप उघडला, आणि शनिवार-रविवार त्यातच गेला.

गंमत म्हणजे, या उपचाराची गोष्ट आईच्याच गैरसमजापासून सुरू होते. १९६६ साल, पश्चिम जर्मनीतली डॉर्निअर कंपनी. होय, आपल्या तटरक्षक दलाकडे ज्या नावाची विमानं आहेत तीच. तिथे अतिवेगवान गोळा धातूच्या लक्ष्यावर आदळवायचे प्रयोग चालू होते. गोळा आदळला नेमक्या त्याच क्षणी एका कर्मचाऱ्याचा हात लक्ष्याला लागला, आणि त्याला विजेचा झटका बसल्यासारखं वाटलं. मोजून पाहिलं तर वीज कुठेच नव्हती! आघाताची लाट धातूतून हातात शिरली होती.

विमान कंपनीला या लाटांची काळजी होतीच. ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचा साधा थेंब आदळला तरी धातूला खड्डे पडतात. सरकारच्या संरक्षण खात्याला वेगळाच प्रश्न पडला. रणगाड्याला गोळा लागला आणि आतला सैनिक भिंतीला टेकून बसला असेल, तर त्याचं काय होईल? त्यांच्या पैशातून प्राण्यांवर प्रयोग झाले. फुफ्फुसात हवा असते, तिथे लाट इजा करते. पण पाणी, चरबी, स्नायू यांतून ती फारसं नुकसान न करता पार होते, असं दिसलं. म्हणजे शरीराच्या बाहेरून आतल्या एखाद्या कडक वस्तूवर घाव घालता येईल!

ती वस्तू ठरली मुतखडा. लंबवर्तुळाकार भिंतीचा कॅरम बोर्ड डोळ्यांसमोर आणा. त्याच्या एका नाभीतून सोंगटी कुठल्याही दिशेला मारा, भिंतीला आपटून ती दुसऱ्या नाभीतूनच जाणार. यंत्रात पहिल्या नाभीवर पाण्याखाली ठिणगी पाडायची आणि दुसऱ्या नाभीवर पेशंटचा खडा आणायचा. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये क्रिस्टियान शॉसी यांनी पहिल्या माणसावर हा उपचार केला. पेशंट पाण्याच्या टबात, कुठेही चिरा नाही.

खड्यावरून गाडी हाडावर आली. १९९१ मध्ये बल्गेरियातल्या दोन डॉक्टरांनी लिहिलं, की न जुळणाऱ्या फ्रॅक्चरच्या ८२ पेशंटपैकी ७० जणांची हाडं या लाटा दिल्यावर जुळली. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता. मग टाच. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टाचेच्या जुनाट दुखण्यासाठी अशा पहिल्या यंत्राला मान्यता दिली.

इथपर्यंत वाचून मी खूश. आईला सांगायला उठणारच होतो. पण आमच्या धंद्यात 'माझ्या मशीनवर चालतंय' याला पुरावा म्हणत नाहीत, म्हणून पुन्हा बसलो :)

ए/बी टेस्ट आपण रोज करतो. इथे बी गटाला खोटं मशीन लावतात. आवाज तोच, उपचार नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या १६६ जणांवर अशी चाचणी झाली. दोन्ही गटांना बरं वाटलं, फरक शून्य! २००८ च्या दुसऱ्या चाचणीत वेगळं यंत्र होतं, त्यात १२ आठवड्यांनी ६१ टक्के लोकांना चांगला गुण आला. छान. पण खोट्या मशीनच्या गटातही ४२ टक्के लोकांना आलाच होता. म्हणजे शेजारच्या काकू "मला फरक पडला" म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नसतात, पण त्याचं श्रेय मशीनचंच असेल असंही नाही.

आणि हे झालं टाचेबद्दल. आईचा प्रश्न नसेचा. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या टॉमस मॉर्टन यांनी हे दुखणं मांडलं, तेव्हा त्यांना दोष सांध्यात वाटला आणि ते सांधाच काढायचे. खरं तर इटलीतल्या चिविनिनी यांनी १८३५ मध्येच नसेवरची ती गाठ नोंदवली होती. नाव मात्र मॉर्टनचं टिकलं. पुढे जाड झालेली नसच काढायची पद्धत आली. त्यात बोटांमधली जागा कायमची बधिर होते. म्हणून तर 'बिनऑपरेशन' शब्द एवढा गोड लागतो. पण या गाठीवर शॉकवेव्हची २००९ मधली चाचणी होती जेमतेम २५ माणसांची. एवढ्यावर आम्ही एक बटणही बदलत नाही.

अजून एक मेख. पायासाठी वापरतात त्यातली बरीचशी यंत्रं 'रेडियल' प्रकारची असतात. त्यांत ठिणगी नाही, नाभी नाही. दाबलेल्या हवेने नळीतला धातूचा तुकडा टोकावर आपटतो आणि ती थाप कातडीवरून आत पसरत, विरत जाते. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ती खरी शॉकवेव्ह नाहीच, साधी दाबाची लाट आहे. गोळा धातूवर आदळतो आणि माणसाला झटका जाणवतो: फिरून फिरून आपण १९६६ लाच आलो की!

आईला एवढं सगळं सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "करंट नाही ना? मग गुण येईल का?"

"येईलही. पण खात्रीने कोणीच सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि तीन प्रश्न विचारले. यंत्र कुठल्या प्रकारचं, गुण आला नाही तर पुढे काय, आणि आधी साधं काय करून बघता येईल? तिसऱ्या प्रश्नावर ते हसले. पुढे रुंद असलेली, मऊ तळाची चप्पल आणि तळव्याखाली छोटी गादी, दोन महिने. शॉकवेव्ह त्यानंतर बघू म्हणाले.

कडक तळाची कोल्हापुरी तेवढी कपाटात गेली. आईला दुखण्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. आता रंकाळ्याची अर्धी फेरी होते. मध्ये एका बाकावर बसावं लागतं, आणि तिथे भेटणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, "त्यात करंट नसतोय बरं का!"